सशाची डावी टाच

आधीच सांगून टाकतो, म्हणजे फसवलं असं नंतर कोणी म्हणायला नको. मी मत्सरी माणूस आहे. शेजाऱ्याची नवी गाडी किंवा चुलतभावाचं तीन मजली घर बघून मला काही होत नाही. माझा मत्सर एकाच व्यक्तीबद्दल आहे, तीसएक वर्षं टिकून आहे, आणि त्याचं कारण ससे आहेत.

माझं नाव दामोदर म्हात्रे. मूळचा गव्हाणचा, निवृत्तीनंतर करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहतो. नोकरीत काय करत होतात असं कोणी विचारलं की मी सांगतो, सशांची हाडं मोजत होतो. ऐकणारा हसतो, मग मी हसत नाही हे बघून विषय बदलतो. माझं लग्न ठरताना मुलीकडच्यांना आमच्या घरच्यांनी ‘सरकारी कारकून’ एवढंच सांगितलं होतं. बायकोला खरं कळलं ते माझ्या पिशवीत डब्याशेजारी जबडा सापडला तेव्हा.

पनवेलला तळ्यामागे एका जुन्या बंगल्याच्या माडीवर आमच्या संशोधन संस्थेची छोटी शाखा होती. काम असं. हजारो वर्षांपूर्वी माणसं कातळाच्या आडोशाला राहायची. तिथे त्यांनी चूल पेटवली, दगडाची पाती काढली, खाल्लं आणि उरलेलं बाजूला टाकलं. वर माती साचत गेली. उत्खनन करणारे ती माती थर बघून काढतात आणि चाळतात. चाळणीत गारगोट्या, कोळसा आणि हाडं उरतात. गव्याची, सांबराची मोठी हाडं मोठ्या लोकांकडे जातात. बोटाच्या पेराएवढी हाडं माझ्याकडे यायची, आणि त्यांत सगळ्यात जास्त ससे.

ससा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा, लाल डोळ्यांचा, गाजर खाणारा येतो. तो पाळीव, मूळचा परदेशी. आपला रानससा भुरकट, लांब तंगड्यांचा, बीळ न करणारा. गवतात अंग दाबून बसतो आणि पाय पडायच्या बेतात आला की उडतो. दोघांचीही खूण दातांत असते. वरच्या मोठ्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारके दात लपलेले असतात. उंदराला ते नसतात. एखाद्या जबड्यात ते बारके दात दिसले की मला आजही बरं वाटतं.

मोजायची पद्धतही सोपी आहे. ढिगात दोनशे हाडं असली म्हणून दोनशे ससे होत नाहीत. एका सशाला डावी टाच एकच असते. डाव्या टाचा नऊ निघाल्या तर निदान नऊ ससे होते, एवढंच छातीठोकपणे म्हणायचं. मग खरा प्रश्न येतो, हे ससे तिथे आणले कोणी? घुबड आणतं, कोल्हा आणतो, माणूसही आणतो. कोल्ह्याच्या दातांच्या खुणा उमटतात, घुबडाच्या पोटातून आलेलं हाड झिजलेलं असतं. माणसानं आणला असेल तर कुठेतरी पात्याची बारीक रेघ सापडायला हवी. ती रेघ सापडावी म्हणून आमच्या धंद्यातली माणसं जन्मभर भिंगाला डोळा लावून बसतात. मला माझ्या सगळ्या नोकरीत खात्रीची एकही सापडली नाही.

हाड ओळखायला शेजारी आजच्या सशाचा पूर्ण सांगाडा ठेवावा लागतो. त्याला आम्ही नमुना म्हणतो. नमुन्याच्या प्रत्येक हाडावर काळ्या शाईनं बारीक क्रमांक घालायचा आणि तो घातल्याशिवाय ते हाड पेटीबाहेर काढायचं नाही, हा पहिला नियम. ‘आधी शाई, मग हात,’ असं आमचे सर म्हणायचे. सर म्हणजे आमच्या शाखेचे प्रमुख. नव्या माणसाला ते हे पहिल्या दिवशी सांगत आणि मग रोज सांगत.

माझा नमुना मला गव्हाणात मिळाला. उरणच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलेला रानससा चुलतभावानं आणून दिला. वनखात्याला कळवून कागद वगैरे रीतसर केला. आता तो सोलायचा आणि मडक्यात पुरायचा, म्हणजे किडे-मुंग्या हाडं साफ करून देतात. सोलायचं काम मी आतेला सांगितलं. आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, जन्मभर मासळी विकलेली. ती डावरी होती. तिच्या हातची मासळीची तुकडी उलट्या बाजूला तिरपी पडायची, आणि कुणाच्या ताटात आतेनं कापलेला मासा आहे हे अर्ध्या गावाला ओळखू यायचं.

‘खायाचा नाय तं सोलायचा कनाला?’ तिनं विचारलं.

हाडं पाहिजेत म्हणून सांगितल्यावर तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विळीवर बसली. डाव्या मागच्या पायाशी पातं अडकलं. तिनं एकदा दाबलं, सरकलं. पुन्हा दाबलं, सरकलं. तिसऱ्यांदा पंजा सुटला. हाडाला पातं लागता कामा नये म्हणून मी ओरडलो.

‘मंग तू बस विळीवर,’ ती म्हणाली. ‘आमी मासं कापतो, सायेब लोकांची हाडं नाय.’

मडकं मी परसात खाडीच्या चिखलानं भरून पुरलं. पावसाळा गेल्यावर काढलं तेव्हा हाडं स्वच्छ निघाली, पण चिखलानं रंग धरला होता, कोऱ्या चहासारखा. मला तो आवडलाही. अगदी जुन्यासारखी दिसत होती.

त्याच सुमारास आमच्याकडे रोहिणी टिपणीस रुजू झाल्या. माझ्याच वयाच्या, खारघरहून यायच्या, इंग्रजी आणि मराठी दोन्ही न अडखळता बोलायच्या. एवढं मी सहन केलं असतं. पण त्यांच्या हातात काहीतरी होतं. हाड उचलायचं, खिडकीबाहेर बघत बोटांत दोनदा फिरवायचं आणि सांगायचं, रानमांजर, उजवी नडगी, पिल्लू. मी पेटी उघडून, शेजारी ठेवून, मोजपट्टी लावून अर्ध्या तासानं त्याच उत्तराला पोचायचो. मला पोचायला वेळ लागतो याचं दुःख नव्हतं. तिथे कोणीतरी आधीच बसलेलं असे, याचं होतं.

एक प्रसंग सांगतो. करंजाड्यात तेव्हा इमारतींचे पाये खणत होते. एका जागी फडक्यात गुंडाळलेली बारकी हाडं निघाली. तान्ह्या मुलाची असणार म्हणून मजुरांनी काम थांबवलं आणि एक हवालदार ती पिशवीत घालून आमच्याकडे घेऊन आला. चेहरा पार उतरलेला. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, पेटी उघडली, कागद पसरला. तेवढ्यात टिपणीसबाई चहाचा कप घेऊन शेजारून गेल्या. जाता जाता त्यांनी पिशवीत हात घातला.

‘ससा आहे. पाळलेला,’ त्या म्हणाल्या. ‘कुणा मुलीचा असेल, गळ्यात घुंगरू बांधलेलं दिसतंय.’

घुंगरू खरंच होतं. हवालदाराला इतकं हायसं वाटलं की त्यानं बाईंना सलाम ठोकला. मला त्यानं फक्त पंचनामा करावा लागेल का ते विचारलं. दोन दिवसांनी गावातल्या पेपरात बातमी आली, ‘पनवेलच्या महिला शास्त्रज्ञाने उलगडले गूढ’. बातमीच्या शेवटी लिहिलं होतं की कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी सहकार्य केले. तो कर्मचारी मी. पाणी मी दिलं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कासमभाईंचं मटणाचं दुकान होतं. शिकाऊ मुलांना दाखवायला आम्ही त्यांच्याकडून बकऱ्याची हाडं आणायचो. एकदा बाई माझ्याबरोबर होत्या. कासमभाईंनी गंमत म्हणून त्यांच्या तळव्यावर एकेक हाड ठेवलं, आणि बाईंनी न बघता सगळी सांगितली. नंतर मला बाजूला घेऊन कासमभाई म्हणाले, ‘म्हात्रेसाहेब, बुरा मत मानो. बाईंचे हात माशाअल्ला खाटकाचे हात आहेत. तुमचे मुन्शीचे.’

खाटकाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही. त्यानंतर मी बरेच दिवस पलीकडच्या रस्त्यानं जात होतो.

मग एक कातळनिवारा खणायला घेतला. डोंगराच्या पायथ्याशी होता, नाव मुद्दाम सांगत नाही. दोन हिवाळे मी तिथे चाळणीवर बसलो होतो. इतरजण दगडाची पाती मिळाली की नाचायचे. मी सगळ्यात बारीक जाळी घेऊन त्यांनी टाकून दिलेली माती पुन्हा चाळायचो. एवढे ससे मी एका जागी कधी बघितले नव्हते. हा माल माझा, असं मी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. पोती पनवेलला आली, आणि सरांनी ती टिपणीसबाईंना दिली.

‘म्हात्रे, तुमचं काम चोख असतं,’ सर म्हणाले. ‘पण बाई जरा लवकर करतात.’

मी ‘बरं’ म्हणालो. मला त्या वेळी रडू येत होतं हे आज लिहायला हरकत नाही. बारीक जाळी धरून धरून माझ्या अंगठ्याला पडलेला घट्टा अजून गेला नव्हता.

पुढे जे केलं ते शोभणारं नव्हतं. एका शनिवारी दुपारी बाई कुणाच्या लग्नाला गेल्या होत्या. माडीवर कोणी नव्हतं. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो. ट्रेमध्ये डाव्या टाचा ओळीनं मांडलेल्या होत्या, अजून न मोजलेल्या, शाई न लागलेल्या. बाई घाईत काम करतात, एखादी तरी रानमांजराची टाच सशांत घातली असेल, असं मला वाटत होतं. वाटत कसलं, तशी आशा होती. चूक सापडली की ती सरांसमोर कशी ठेवायची, कुठल्या आवाजात बोलायचं, हेही ठरवलं होतं. माझ्या सशाची डावी टाच खिशात घालून नेली होती. ती शेजारी ठेवून मी एकेक हाड तपासलं. सगळे ससेच होते. पिल्लं वेगळी, मोठी वेगळी, सगळं जिथल्या तिथे. तेवढ्यात जिन्यावर सरांच्या वहाणा वाजल्या आणि मी लगबगीनं उठून माझ्या जागी गेलो.

कित्येक महिन्यांनी नमुन्याच्या हाडांवर शाई घालायला बसलो. हो, तोवर घातलीच नव्हती, नियम मला तोंडपाठ असूनही. तेव्हा डावी टाच मिळेना. मी कपाटामागे, फळ्यांखाली शोधलं. माडीवर उंदीर फार झाले होते. पेटीच्या यादीत मी लिहून ठेवलं, ‘डावी टाच गहाळ. उंदीर?’

दरम्यान बाईंचा लेख प्रसिद्ध झाला होता आणि आमच्या शाखेत एकदम ये-जा वाढली. कातळनिवाऱ्यातल्या एका डाव्या टाचेवर पात्याच्या तीन रेघा सापडल्या होत्या. माणसानं ससा सोलल्याचा पुरावा. मी जन्मभर भिंगातून जी शोधत होतो, ती एक नाही, तीन, आणि बाईंना. त्यांना परदेशातून बोलावणी आली, व्याख्यानं झाली, त्या हाडाचं चित्र एका मोठ्या ग्रंथाच्या वेष्टनावर आलं असं म्हणतात.

म्हणतात असं लिहिलं, कारण मी ते बघितलं नाही. लेखही वाचला नाही. बाईंनी मला त्याची प्रत स्वतः आणून दिली होती, वर ‘म्हात्रे यांस’ असं लिहून. मी ती न उघडता घरच्या कपाटात टाकली. कुणी व्याख्यानात चित्रं दाखवू लागलं की मी चहाचं निमित्त काढून बाहेर जायचो. अभ्यासाच्या क्षेत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट न वाचता मी त्याच क्षेत्रात नोकरी पुरी केली. कोणाला पटणार नाही, पण मत्सराला एवढी शिस्त असते.

पुढे शाखा बंद झाली, पेट्या इकडे तिकडे गेल्या. माझा ससा मी घरी आणला आणि माळ्यावर ठेवला.

गेल्या वर्षी मनाली नावाच्या बाई फोन करून घरी आल्या. पस्तिशीच्या असतील. आपल्याकडे एक नवं संग्रहालय होतंय, त्याच्या त्या अभिरक्षक, म्हणजे तिथल्या वस्तू सांभाळणाऱ्या आणि मांडणाऱ्या. टिपणीसबाईंचं प्रसिद्ध हाड त्या एका दालनाच्या मधोमध ठेवणार होत्या.

‘सर, शेजारी मॉडर्न सशाची डावी टाच ठेवायची आहे, कंपॅरिझनसाठी,’ मनाली म्हणाल्या. ‘मॅडम म्हणाल्या, नमुना बघायचा तर म्हात्र्यांचाच.’

मी माळ्यावरून पेटी काढली, यादी दाखवली, उंदराची हकिगत सांगितली. त्या हसल्या आणि उजवी चालेल म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून त्या प्रसिद्ध हाडाची थ्री-डी प्रिंटरवर काढलेली मोठी प्रतिकृती काढली, नारळाएवढी, आणि माझ्या मांडीवर ठेवली.

आता उठून जायला जागा नव्हती. स्वतःच्याच घरात चहाचं निमित्त तरी किती काढणार. मी बघितलं.

तीन रेघा होत्या. पहिल्या दोन उथळ, तिसरी खोल. तिन्ही उलट्या बाजूला तिरप्या.

आतेला जाऊन वीस वर्षं झाली होती. तिनं कापलेला मासा अर्धं गाव ओळखायचं. मी तिच्या मांडीवर वाढलेला माणूस. मला भिंग लागलं नाही. आणि त्याच क्षणी ती शनिवारची दुपारही आठवली, ट्रे, खिसा, जिन्यावरच्या वहाणा. उंदरानं काही नेलं नव्हतं. टाच मी तिथे विसरून आलो होतो. शाई नसलेली, चिखलानं जुन्या रंगाची झालेली, शाई नसलेल्या इतर टाचांच्या ओळीत.

मनाली पुढे सांगत होत्या की मांडण्याआधी हाडाचा कणभर चुरा काढून वय ठरवायला पाठवायचा आहे. मॅडमनी परवानगीवर सही केली आहे, पुढच्या आठवड्यात जाईल.

उजवी टाच नंतर देतो म्हणून त्यांना वाटेला लावलं.

पुढचे तीन दिवस मी फार सुखात होतो. खोटं कशाला लिहू. मला काही करायचंच नव्हतं. गप्प बसलो की झालं. चुरा जाईल, उत्तर येईल, हे हाड काल-परवाच्या सशाचं आहे, आणि सगळ्या जगात बोभाटा होईल की खाटकाच्या हातांच्या टिपणीसबाईंना जुनं हाड आणि नवं हाड यातला फरक कळला नाही. ते हाड कुठून आलं हे कुणाला कधी कळणार नव्हतं. तीस वर्षं मागूनही मिळालं नव्हतं ते दारात येऊन उभं होतं. बायको म्हणाली, बरं वाटतंय ना तुम्हाला, गुणगुणताय काय सारखे? मी म्हटलं, हवा छान आहे.

तिसऱ्या दिवशी मी तो लेख काढला. आता तो मजेनं वाचायचा, चवीचवीनं, शेवट ठाऊक असलेल्या माणसासारखा, असा बेत होता.

लेख चांगला होता. फारच चांगला. प्रत्येक वाक्याला आधार दिलेला होता, कुठे शंका असेल तर ती मोकळेपणानं मांडलेली होती. मी चूक शोधत शोधत शेवटच्या पानावर आलो. तिथे आभार होते. सरांचे, संस्थेचे, आणि मग एक वेगळा परिच्छेद. त्यात लिहिलं होतं की दामोदर म्हात्रे यांनी इतरांनी टाकून दिलेली माती बारीक जाळीतून पुन्हा चाळली नसती तर ही टाच सापडली नसती, आणि या शोधाचं निम्मं श्रेय त्यांचं आहे.

तीस वर्षं हे माझ्याच कपाटात पडून होतं. मला फार लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, अगदी तळाशी, बाई एवढं मोठ्या मनानं लिहू शकतात याचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतली उजवी टाच खिशात घालून मी खारघरला गेलो. बाई एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. दार त्यांनीच उघडलं. डोळे आता फार अधू झालेत, काचबिंदूमुळे. माझा आवाज ऐकून त्यांनी मला ओळखलं आणि हाताला धरून बसवलं. काय बोलायचं ते मी बसमध्ये पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी टाच काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली.

बाईंनी ती बोटांत फिरवली. एकदा, दोनदा. मग थांबल्या आणि तिसऱ्यांदा फिरवली, सावकाश. तिसऱ्यांदा फिरवताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

‘रानससा. उजवी,’ त्या म्हणाल्या. मग टाच मुठीत मिटून म्हणाल्या, ‘म्हात्रे, हिची डावी माझ्याकडे आहे.’

मग मी सगळं सांगितलं. आते, विळी, चिखल, शनिवार.

‘माझ्या टेबलाशी कशाला बसला होतात?’ त्यांनी विचारलं.

‘चूक शोधायला.’

‘सापडली?’

‘एकही नाही.’

‘म्हणून मग एक ठेवून गेलात,’ बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी आत कामवालीला चहा टाकायला सांगितला, मग स्वतःहून म्हणाल्या की ते हाड पहिल्यांदा उचललं तेव्हाच हाताला हलकं लागलं होतं, मातीत मुरलेलं जुनं हाड जड लागतं. हातानं सांगितलं होतं. पण मग रेघा बघितल्या, आणि त्या हव्याच होत्या, म्हणून हाताचं ऐकलं नाही. तीस वर्षांत कधीमधी ते हलकेपण आठवायचं. वय ठरवायच्या कागदावर सही केली ती त्यासाठीच.

चहा येईपर्यंत बाईंनी मनालीला फोन लावला. मी समोर बसलो होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘चुरा पाठवू नका. ते हाड जुनं नाही. माझ्या टेबलावर नमुन्यातलं हाड मिसळलं गेलं आणि मला ते ओळखता आलं नाही. चूक माझी. मी लेखी देते.’ मी हातानं खुणा करत होतो, माझं नाव सांगा म्हणून. त्यांना दिसलं नसेल. किंवा दिसलं असेल. फोन ठेवून त्यांनी मला बिस्किटं घ्यायला सांगितली.

त्यांनी खरंच लेखी दिलं. निवेदन प्रसिद्ध झालं, या वेळी मी लगेच वाचलं. चार ओळी, कुठेही सबब नाही. वाचून लोकांनी काय म्हणावं? म्हणाले, बघा, काय ही प्रामाणिकता, या वयात स्वतःहून चूक कबूल करते बाई. ओळखीच्या दोघांनी मला फोन करून हे कौतुकानं सांगितलं. मी दोन्ही वेळा ‘हो ना’ म्हणालो आणि फोन ठेवल्यावर घरभर फेऱ्या मारल्या.

या अंकाच्या संपादकांनी तुमच्या कामाबद्दल लिहा म्हटलं ते अशा वेळी, आणि मी लगेच होकार दिला. हवालदार, घुंगरू वगैरे त्यांना हवं होतं, ते दिलं. पण मी लिहायला बसलो ते वेगळ्या कारणानं. सारी हयात हुशारीचं श्रेय बाईंना गेलं, ते रास्तच होतं. निम्मं त्यांनी मला देऊ केलं, ते मी उघडूनही बघितलं नाही. पण ही चूक माझी आहे. विळी माझ्या आतेची, चिखल माझ्या परसातला, खिसा माझा आणि टेबलाशी बसवणारा मत्सरही माझा. माझ्या हातून एवढी गाजलेली एकच गोष्ट घडली, आणि तीही बाईंच्या नावावर जावी हे मला सहन होत नाही. कृपया नोंद दुरुस्त करावी.

डावी टाच मनालींनी मला परत आणून दिली. मी आधी शाई काढली, क्रमांक घातला, तो वाळू दिला. यादीतला ‘उंदीर?’ खोडून तिथे स्वतःचं नाव लिहिलं. आता पेटी माळ्यावर ठेवत नाही, टेबलावरच असते. दुपारी घरात कोणी नसलं की मी दोन्ही टाचा हातात घेतो, डोळे मिटतो आणि बोटांत फिरवतो. एकदा, दोनदा, दहादा. कुठली डावी आणि कुठली उजवी, ते मला अजून डोळे उघडल्याशिवाय कळत नाही.